घट लिहिताना

संख्याशास्त्र व अर्थशास्त्राच्या पदव्या घेऊन आज इथून बाहेर पडणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

दीक्षान्त भाषणात आकाशाला गवसणी घालण्याचा सल्ला द्यायची रीत आहे. तो तुम्हाला आजवर पुष्कळांनी दिला असेल. माझी नोकरी दुसऱ्यांनी लिहिलेले इंग्रजी अहवाल तपासण्यात गेली, तेव्हा मी त्याच कामातलं बोलतो. एखादी गोष्ट काळाच्या ओघात कमी झाली, हे इंग्रजीत नीट कसं लिहायचं? हसू नका. तुमच्यातले कितीतरी जण लवकरच एखाद्या बँकेत, आरोग्य खात्यात नाहीतर वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून नेमकं हेच वाक्य लिहिणार आहेत.

मसुद्यांमध्ये हमखास भेटणारं वाक्य असं: ‘इन्फंट मॉर्टॅलिटी इज डिक्रीजिंग सिन्स २०१३.’ मराठीत विचार करून लिहिलं की हे असं येतं, आणि मराठीत ते बिनचूक आहे. ‘अर्भक मृत्युदर २०१३ पासून कमी होत आहे’ म्हटलं की ‘होत आहे’मध्ये मागची सगळी वर्षं आपोआप येतात. इंग्रजीत ती येत नाहीत. ‘सिन्स’ आला की ‘हॅज बीन डिक्रीजिंग’ किंवा ‘हॅज डिक्रीज्ड’ लिहावंच लागतं. आणि तसं लिहिलंत की घट आजपर्यंत चालू असल्याची हमी तुम्ही देऊन बसता. तुमच्या हातातली आकडेवारी २०१९ ला संपत असेल तर ती हमी देऊ नका. साधा भूतकाळ लिहा: ‘डिक्रीज्ड बिटवीन २०१३ अँड २०१९.’ जाता जाता एवढंच सांगतो, ‘बिटवीन’ला जोडीला ‘अँड’ लागतो आणि ‘फ्रॉम’ला ‘टू’. ‘बिटवीन २०१३ टू २०१९’ हे आपण इतकं लिहितो की आता कुणाला खटकतही नाही.

आता आकडा घ्या. देशाचा अर्भक मृत्युदर २०१३ मध्ये हजारी ४० होता, २०२३ मध्ये तो २५ झाला. म्हणजे तो १५ ने घटला आणि २५ वर आला. मराठीत ‘ने’ आणि ‘वर’ यांची गल्लत शाळकरी पोरही करत नाही. इंग्रजीत मात्र ‘बाय’च्या जागी ‘टू’ सर्रास पडतो, नाहीतर दोन्ही गाळून नुसतं ‘डिक्रीज्ड १५’ लिहिलं जातं. वाचणाऱ्याने ते ‘१५ वर आला’ असं घेतलं, तर दर हजार जन्मांमागे दहा बाळं कागदावरच वाचतात.

टक्क्यांचा घोळ याहून वाईट. नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालात बहुआयामी गरिबीत असलेल्यांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये २४.८५ टक्के आणि २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्के दिलं आहे. वजाबाकी ९.८९. पण ‘गरिबी ९.८९ टक्क्यांनी घटली’ असं लिहिलंत तर हिशेबाने २४.८५ चे २२.३९ होतात, १४.९६ नाही. ही घट ९.८९ पर्सेंटेज पॉइंटची आहे. मूळ प्रमाणाच्या तुलनेत ती जवळजवळ ४० टक्के भरते. दोन्ही विधानं खरी आहेत. कौतुक करणारा ४० उचलतो, नाक मुरडणारा ९.८९ उचलतो. तुम्ही दोन्ही द्या आणि सुरुवातीचा व शेवटचा आकडा शेजारी ठेवा. बँकवाल्यांनी यावर केव्हाच तोडगा काढला आहे. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आणला, तेव्हा त्यांनी ५० बेसिस पॉइंट म्हटलं आणि वाद मिटला. ‘थ्री टाइम्स लेस’ तर कधीच लिहू नका. एखादी गोष्ट एक पट कमी झाली की शून्य उरतं; मग उरलेल्या दोन पटी कुठून आणायच्या? एक तृतीयांश उरलं, असं सरळ म्हणावं.

काही वेळा शब्द बरोबर असतो, पण घटलेली वस्तू भलतीच असते. किरकोळ महागाईचा दर २०२२-२३ मध्ये ६.७ टक्के होता, पुढच्या वर्षी ५.४ आणि २०२४-२५ मध्ये ४.६. इथे ‘इन्फ्लेशन फेल’ हे अगदी बरोबर आहे. ‘प्राइसेस फेल’ ही थाप आहे. २०२२-२३ मध्ये १०० रुपयांत होणारा बाजार दोन वर्षांनी ११० रुपयांना पडू लागला. फक्त चढण थोडी सौम्य झाली. भाजीच्या गाड्यावर उभ्या असलेल्या बाईला हे तुमच्या आलेखाशिवाय कळतं. म्हणून ‘महागाई कमी झाली’ या मथळ्यावर ती चिडते, आणि तिचं चिडणं बरोबर आहे. वाढीचा वेग मंदावला तर इंग्रजीत ‘स्लोड’ आहे, ‘ईज्ड’ आहे; ते वापरायला कोणी मनाई केलेली नाही.

टाळेबंदीतली तिमाही आठवा. एप्रिल ते जून २०२० मध्ये देशाचं सकल उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आकसलं. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढ जाहीर झाली, आणि जवळपास सगळं भरून निघालं असा पुष्कळांचा समज झाला. शंभर धरून बघा. शंभराचे ७६ झाले. ७६ चे वीस टक्के म्हणजे पंधरा. पोचलो ९१ वर. पडताना टक्के मोठ्या रकमेवर लागतात, चढताना लहान रकमेवर. त्याच सुमारास ‘डिक्लाइन ऑफ मायनस २३.९ पर्सेंट’ असंही छापून यायचं. घट उणे झाली म्हणजे वाढ झाली की हो!

शेवटी एका क्रियापदाबद्दल. मराठीत ‘कमी होणे’ आणि ‘कमी करणे’ वेगळे आहेत. इंग्रजीत ‘फॉल’ आणि ‘डिक्लाइन’ होण्यासाठी, ‘रिड्यूस’ प्रामुख्याने करण्यासाठी. ‘डेथ्स रिड्यूस्ड’ असं आपण बिनदिक्कत लिहितो, तेव्हा ते आपोआप कमी झाले की कुणी केले, हा प्रश्नच गिळून टाकतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला ऊब देणं, श्वास अडखळला तर उपचार करणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, हे सगळं त्या घरी जाऊन करत. पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण तिथे हजारी ६२ वरून २६ च्या आसपास आलं. पण हा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला तो तेवढ्यासाठी नव्हे. तुलनेला घेतलेल्या ४७ गावांत याच काळात हे प्रमाण साठच्या घरातच रेंगाळत होतं. तीही गावं चाळिसावर आली असती, तर बरीचशी घट काळाच्या खात्यात गेली असती. ती जागची हलली नाहीत, म्हणून बंगांना ‘रिड्यूस्ड’ म्हणण्याचा हक्क मिळाला.

सरकारी आणि बिनसरकारी कागदांत याच्या उलट चालतं. मृत्यू, गळती, बेकारी कमी झाली की पानोपानी ‘वी रिड्यूस्ड’. तुलना कुठेच नाही. आणि अनुदान, शिष्यवृत्त्या, शिक्षकांच्या जागा कमी झाल्या की मात्र ‘डिक्लाइन्ड’, जणू पावसाळा सरला. अनुदान आपसूक घटत नाही. फायलीवर कुणाची तरी सही असते. असा मसुदा समोर आला की मी समासात पेन्सिलीने एवढंच लिहितो: ‘कुणी केलं?’ लेखी उत्तर बहुधा येत नाही, फोन मात्र येतो. तुमच्यापैकी काहींना तो फोन करावा लागेल आणि काहींना घ्यावा लागेल. दोघांचंही पदवीबद्दल मनापासून अभिनंदन.