डाऊ, निक्केई आणि गावाची पैसेवारी

कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की त्यातले थोडे एसआयपीत, म्हणजे फंडातल्या दरमहाच्या गुंतवणुकीत, टाकणारी तरुण मंडळी आता पिंगळीसारख्या गावांतही आहेत. रोज सकाळी त्यांच्या मोबाइलवर बातमी झळकते, डाऊ वधारला, निक्केई कोसळला. हे आकडे येतात कुठून?

पैसेवारी आपल्याला चांगली ठाऊक आहे. शिवारातले मोजके प्लॉट निवडायचे, तिथलं पीक कापून, मळून वजन करायचं आणि त्यावरून अख्ख्या गावाचा आकडा लावायचा. पूर्वी तो पन्नास पैशांच्या आत आला की थेट दुष्काळ धरत. प्लॉट कोणते धरले, यावर सगळी मदार! शेअर बाजाराचा निर्देशांकही असाच निवडक कंपन्यांवरून काढतात. आपल्याकडच्या सेन्सेक्समध्ये 30 कंपन्या आहेत. 1978-79 सालची पातळी 100 धरून तो मोजतात. प्रवर्तकांकडचे शेअर सोडून बाजारात खेळत्या शेअरांचं मोल जितकं, तितका त्या कंपनीचा भार. अमेरिकेच्या डाऊमध्येही 30च कंपन्या, पण तिथं एका शेअरची किंमत पाहतात. 500 डॉलरचा शेअर 50 डॉलरच्या शेअरपेक्षा दहापट जड, मग कंपनी लहान का असेना. मला ही रीत पटत नाही. तिथलाच 500 कंपन्यांचा एस अँड पी त्याहून भरवशाचा वाटतो.

अमेरिकेच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या फंडात आपले रुपये घातले की डॉलरचा भावही आपल्या मागे लागतो. निर्देशांक जागचा हलला नाही, पण रुपया वधारला, तरी आपली रक्कम घटते.

आता जपानचं पाहा. 1989च्या डिसेंबरअखेर निक्केई 38,915वर बंद झाला. मग घसरण लागली. 2009च्या मार्चमध्ये तो 7,100च्याही खाली होता. जुनी उंची ओलांडायला 2024चा फेब्रुवारी उजाडला, म्हणजे 34 वर्षं गेली. शिखरावर एकरकमी पैसा घातलेला तरुण तोवर म्हातारा झाला असेल. पडत्या काळातही दरमहा थोडंथोडं घेत राहिलेल्याची सरासरी खरेदी मात्र बरीच स्वस्तात पडली.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. जूनमध्ये बी-बियाण्याला आणि खताला लागणारा पैसा, मुलांच्या फीचा पैसा अशा फंडांत अडकवू नका. तो बँकेतच राहू द्या. दहा-पंधरा वर्षं ज्याची गरज पडणार नाही, तेवढाच इकडे वळवा.