वक्तृत्व मंडळ वाढवावयाचे कसे?

(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात वक्तृत्व मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



सालाबादप्रमाणे मंडळाचा अहवाल वाचून खाली बसावे, असा आमचा प्रथम विचार होता. परंतु अहवालात सांगण्याजोगे फारसे काही नाही. पंधरवड्याच्या बैठकीस कधी दहा तर कधी सात मंडळी जमतात, आणि तीही बहुधा तीच. म्हणून अहवालाऐवजी एक विनंती घेऊन आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

मंडळ कशासाठी निघाले, याचे प्रथम स्मरण करून देतो. काही वर्षांपूर्वी आपल्या ज्ञातीतील एक वृद्ध गृहस्थ वारले. विद्यार्थी वसतिगृहाचे हिशेब त्यांनी आयुष्यभर निरपेक्षपणे सांभाळले होते आणि कित्येकांची फी गुपचूप स्वतःच्या खिशातून भरली होती. त्यांच्या शोकसभेस सभागृह भरले होते. त्यांच्यामुळे ज्यांचे शिक्षण झाले, ते पुढच्याच रांगेत होते. त्यांतील एक जण उठला, दोन शब्द बोलला आणि डोळे पुसत खाली बसला; बाकीचे उठलेच नाहीत. अखेरीस त्यांची फारशी ओळख नसलेल्या एका पाहुण्यांनी भाषण केले, आणि त्यात त्यांचे नावही चुकले. त्यांच्या पत्नी समोर बसून ते ऐकत होत्या. न उठलेल्यांपैकी आम्हीही होतो. त्यानंतर महिन्याभरातच मंडळाची पहिली बैठक भरली.

व्याख्याने ऐकण्याची आवड महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. परंतु व्याख्यानमालेत एकाने बोलावयाचे आणि शेकडोंनी ऐकावयाचे असते. अबोल माणसाला बोलते करण्यासाठी निराळी योजना लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता आना येथे राल्फ स्मेडले यांनी १९२४ साली ‘टोस्टमास्टर्स’ क्लब काढला. तेथे सभासदांनी आळीपाळीने, घड्याळाकडे लक्ष ठेवून बोलावे आणि सहकाऱ्यांनी गुणदोष सांगावेत, असा शिरस्ता पडला. आज त्याच्या शाखा जगभर आहेत, मुंबई-पुण्यातही आहेत. आपल्या मंडळाची पद्धतही त्याच वळणाची आहे: पाच ते सात मिनिटांचे तयार भाषण, आयत्या वेळी दिलेल्या विषयावर दोन मिनिटे आणि शेवटी स्नेहपूर्वक अभिप्राय.

आता मंडळ वाढवावयाचे कसे? आम्ही हस्तपत्रके वाटून पाहिली. भ्रमणध्वनीवरील गटांत निरोप धाडून पाहिले. निरोप सर्वांनी वाचला, पण आपल्यालाच बोलावले आहे असे कोणास वाटले नाही. म्हणून पहिली विनंती ही, की प्रत्येक सभासदाने एका माणसाच्या घरी जावे, त्याला बरोबर घेऊन यावे आणि बैठकीत त्याच्या शेजारी बसावे. नवख्या पाहुण्यास त्या दिवशी बोलावयास उभे करू नये. पहिल्याच दिवशी फजिती झालेला मनुष्य दुसऱ्यांदा येत नाही, आणि आणखी चौघांना येऊ देत नाही.

दुसरी विनंती कार्यकारी मंडळास आहे. गुणगौरव समारंभाचे सूत्रसंचालन, वधूवर मेळाव्यातील प्रास्ताविक, कोजागिरीचे आभारप्रदर्शन, ही कामे मंडळातील नवशिक्यांकडे सोपवावीत. काल घाबरणारा शेजारचा मुलगा आज नीट बोलताना दिसला, की त्याच्या आईवडिलांना आणि पाहणाऱ्यांना निराळी जाहिरात लागत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. बैठक ठरल्या वेळी सुरू व्हावी आणि ठरल्या वेळी संपावी. दीड तास सांगून अडीच तास बसविल्यास आमच्या वक्तृत्वाची कीर्ती भलत्याच प्रकारे पसरेल! तसेच तीन महिन्यांतून एक बैठक सर्वांसाठी खुली ठेवून तिचा दिनांक आधीच फलकावर लावावा.

चौथी गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटतो. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेत स्त्रियांना रीतसर सभासदत्व मिळावयास १९७३ साल उजाडावे लागले. आपले मंडळ पहिल्या दिवसापासून भगिनींना खुले आहे, असे आम्ही अभिमानाने सांगत आलो. पण बैठक ठेवली सायंकाळी सात वाजता, म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या वेळी! अशा खुल्या दाराचा उपयोग काय? यापुढे बैठक रविवारी दुपारी चार वाजता भरेल. त्या दिवशी घरच्या चहाचे पुरुषांनी पाहावे, हीही विनंती समजावी.

सभासद वाढल्याने आमची वर्गणी थोडी वाढेल, पण त्यासाठी हा खटाटोप नाही. आपल्या माणसाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते चारचौघांत सांगता यावे, एवढ्यासाठी तो आहे. कृतज्ञता मनात असून भागत नाही. ती ज्यांच्या कानी पडावयास हवी, ते समोर बसलेले असतात.

पुढील संमेलनात मंडळाचा अहवाल वाचावयास आमच्याऐवजी आज मागच्या रांगेत अंग चोरून बसलेल्यांपैकी कोणी तरी येथे उभे राहावे, अशी इच्छा व्यक्त करून आणि अध्यक्षांची अनुज्ञा घेऊन आम्ही आपली रजा घेतो.