मुरमावरचं हँडबॉल

(एपिसोडमध्ये जे बोलले तेच इथे लिहून देतेय. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय.)

आज कोडिंग नाही, पॅकेज नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज हँडबॉल.

"म्हणजे व्हॉलीबॉल ना?" असं ऑफिसात मला निदान दहा जणांनी विचारलंय. नाही रे बाबांनो! फुटबॉलसारखे दोन गोल, पण बॉल हातात. एका बाजूला सात जणी, ४० बाय २० मीटरचं मैदान, ३० मिनिटांचे दोन हाफ. बॉल हातात धरून जास्तीत जास्त तीन पावलं, तीन सेकंद. मग पास, ड्रिबल नाहीतर शॉट. गोलसमोर सहा मीटरवर एक रेघ असते, तिच्या आत फक्त गोलकीपर. पण बाहेरून उडी मारून हवेतून आत जाता येतं, पाय टेकायच्या आधी बॉल हातातून सुटला पाहिजे. खरी मजा तिथेच आहे. एका मॅचमध्ये एकेक टीम पंचवीस-तीस गोल सहज मारते.

हे मी यूट्यूबवर नाही शिकले. मी मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याची, शिकले आश्रमशाळेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आदिवासी विकास विभाग दरवर्षी आश्रमशाळांच्या स्पर्धा घेतो. आधी प्रकल्प, म्हणजे आमच्यासाठी जव्हार, मग विभाग, मग राज्य. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि त्यांच्या जोडीला हँडबॉल. शहरातल्या माझ्या मैत्रिणींनी नावही न ऐकलेला खेळ आम्ही नववीत खेळत होतो!

मैदान मुरमाचं. त्यावर ड्रिबल केला की बॉल कुठे उडेल ते देवालाच माहीत. म्हणून आम्ही ड्रिबल करायचोच नाही. पास, पास, पास. आणि बॉल एकच होता, मुलांचा. हा मुद्दा जरा नीट ऐका. मुलांचा बॉल तीन नंबरचा, घेर ५८ ते ६० सेंटिमीटर. मुलींचा दोन नंबरचा, ५४ ते ५६. चार सेंटिमीटरने काय होतं? आमच्या हातात तो मावायचाच नाही, म्हणून दोन्ही हातांनी ढकलल्यासारखा फेकायचो. तरी प्रकल्पाला जिंकलो. विभागाला गेलो तर समोर आला बरोबर मापाचा बॉल. हलका, छोटा. माझे पहिले चार शॉट गोलच्या वरून गेले. चारही! हरलो. येताना गाडीत कुणी बोललं नाही. तेव्हा मला वाटलं मी घाबरले. बॉलची मापं वेगळी असतात हे मला इंजिनिअरिंगला असताना गुगलवर कळलं.

आता हांगझोऊ. २०२२ चे आशियाई खेळ कोविडमुळे २०२३ मध्ये झाले, आठवतंय? नीरज चोप्रा, क्रिकेट, कबड्डी सगळ्यांनी पाहिलं. मी स्टँडअप मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून भारताच्या मुलींचं हँडबॉल शोधत होते. जपानने आपल्याला ४१-१३ ने हरवलं. मीम बनवणाऱ्यांना छान आकडा. पण त्याच जपानने पुढे फायनलमध्ये दक्षिण कोरियाला हरवून आपलं पहिलं सुवर्ण घेतलं.

कोरिया म्हणजे या खेळातलं काय प्रकरण आहे माहितीय? आशियाई खेळांत हँडबॉल पहिल्यांदा आलं ते आपल्याच दिल्लीत, १९८२ ला, तेही फक्त पुरुषांचं. मुलींना १९९० च्या बीजिंगपर्यंत थांबावं लागलं. तोवर कोरियाच्या मुली १९८८ ला सोलमध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकूनही बसल्या होत्या, ९२ ला बार्सिलोनात परत जिंकल्या. २००४ ला अथेन्समध्ये डेन्मार्कशी फायनल, एक्स्ट्रा टाइमनंतरही बरोबरी, शेवटी पेनल्टीवर हरल्या. त्या हरण्यावर तिकडे सिनेमा निघाला. हरण्यावर!

आपल्याकडेही अगदीच काही नाही असं नाही. २०२३ लाच प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला सीझन झाला आणि तो महाराष्ट्र आयर्नमेनने जिंकला. पुरुषांची लीग. तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं, कमेंटमध्ये खरं सांगा.

मला त्या ४१-१३ चं दुःख वेगळ्याच कारणाने झालं. आमची गोलकीपर. मुरमावर गुडघे फोडून घेत बॉल अडवायची. विभागाच्या मॅचमध्ये मी चार चुकवले, तिने किती अडवले ते मोजलंही नाही कुणी. मी पुढे सायन्सला गेले, बीटेक झालं, नोकरी लागली. ती दहावीनंतर दिवाळी संपल्यावर घरच्यांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली. पुढच्या मोसमातही गेली. मग लग्न. तिला कुणी नाही म्हटलं नव्हतं. पण दहावीनंतर "ये, इथे खेळ" असंही कुणी म्हटलं नाही. शाळेची स्पर्धा शाळेबरोबर संपते. पुढचा हॉल, मॅट, कोच कुठे असतो हे तिला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

२०२६ च्या सप्टेंबरात पुढचे आशियाई खेळ आहेत, जपानलाच, आइची-नागोयात. त्या निमित्ताने मी तिला जपानच्या मॅचची क्लिप पाठवली. दोन दिवस एकच टिक. तिच्या पाड्यावर रेंज नाही, टेकडीवर जावं लागतं. तिसऱ्या दिवशी व्हॉइस नोट आली. मागे पोरगं रडतंय, वारा घोंघावतोय.

"ती जपानची कीपर बघितलीस का? रेघ सोडून पुढे येते. मी पण यायची की गं. सर किती ओरडायचे."