अर्धा वेळ, पण हजेरी पूर्ण

अजिंठा पाहायला, सोनं घ्यायला किंवा लग्नाला जळगावात उतरलेल्या पाहुण्याला हॉटेलात ताणून अंथरलेली चादर आणि कोरडी न्हाणी आयती मिळते. त्यामागे मेहरूणसारख्या वस्तीतून सकाळी तीन-चार तासांच्या कामाला जाणाऱ्या बाया असतात. माझं म्हणणं एवढंच, की त्यांचं नाव हजेरीपटावर हवं. मालक मंडळी म्हणतात, लग्नसराई सरली की खोल्या रिकाम्या, पूर्ण वेळ बाई परवडत नाही. पूर्ण वेळ ठेवा असं कोण म्हणतं? पण अर्धी भाकरी थापायची तरी तवा पुरताच तापवावा लागतो, सरपण निम्म्यावर भागत नाही. तीन तासांच्या कामालाही पहाटे घरचा स्वयंपाक उरकावा लागतो, रिक्षाचं भाडं तेवढंच पडतं. जड गादी उचलून चादर चारी बाजूंनी खोचताना कंबर भरून येते, कोंदट न्हाणीत ॲसिडचा वास नाकात जातो. भाकरी अर्धी म्हणून चटका अर्धा बसत नाही.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या हॉटेलला कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते. सात जण कायम आणि चार बाया अर्धवेळ, तर मोजणी अकराची होते, सातची नाही. नाव टाळण्यामागचं एक कारण इथंच आहे. बायाही म्हणतात, हाती येतात तेच थोडे, त्यात कपात कशाला? हिशेब करा. 6,000 रुपये पगारावर पाऊण टक्क्याने तुमचे 45 रुपये जातात, मालकाचे सव्वातीन टक्क्यांनी 195. बदल्यात घरच्यांसह औषधपाणी मिळतं, आणि आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीचे 70 टक्के. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. हे दिवस मोजायचे कशावरून? हजेरीपटावरून. पुन्हा सांगते, हजेरीपटावरून. वहीच्या मागच्या पानावर ‘बाई, 200’ असं खरडून दिलेले पैसे तिथं कामी येत नाहीत.

दहापेक्षा कमी माणसांच्या लॉजमध्ये हा विमा नसला तरी किमान वेतन द्यावंच लागतं. लग्नसराई तोंडावर आहे, नव्या बाया कामाला लागतील. बायांनो, झाडू हातात घेण्याआधी हजेरीपट मागा, आपलं नाव पाहा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला सोबत न्या.