हक्क कोणाचा, हक्क कशाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी पाककृती सांगते, कोणी यात्रेचे वर्णन करते. माझ्या वाट्याला इंग्रजी व्याकरण आले आहे. इतकी वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले, त्याची ही शिक्षा असावी. पण ती तुम्हांलाही भोगावी लागणार याचे वाईट वाटते. तरी घाबरू नका. सारे व्याकरण काढीत नाही. एकच शब्द घेते, तोही तुमच्या कानावरचा : 'राइट', म्हणजे हक्क. या नामानंतर कोणते शब्दयोगी अव्यय यावे, एवढाच आजचा प्रश्न. आणि तो मला का सुचला, तेही शेवटी सांगणार आहे.

आपण 'घरावर' म्हणतो, तेव्हा 'वर' हा घराच्या पाठीमागून येतो. इंग्रजीत तो घराच्या आधी उभा राहतो. ही अदलाबदल मुलांना आठवड्यात समजते. खरी अडचण पुढे असते. आपला 'चा-ची-चे' हा मोठा कामसू प्रत्यय आहे. कोणतेही काम सांगा, तो नाही म्हणत नाही. घराचे दार, आजाराचे कारण, कांद्याची मागणी, माहितीचा अधिकार, सगळीकडे तोच. मग मुले जिथे 'चा' दिसेल तिथे 'ऑफ' ठेवून मोकळी होतात. आजाराचे कारण म्हणताना 'कॉज ऑफ' चालते, पण तेच कारण 'रीझन' झाले की त्याला 'फॉर' लागतो. 'डिमांड ऑफ ओनियन्स' हे तर मी किती वह्यांत तांबड्या पेन्सिलीने खोडले असेन, त्याचा हिशेब नाही.

वास्तविक हे आपल्या कानाला ठाऊक असते. लासलगावच्या बाजारात शेतकऱ्यांची मागणी असते आणि कांद्याला मागणी असते. पहिली मागणी करणाऱ्याची, दुसरी मागितल्या जाणाऱ्या वस्तूला. आपण 'ची' आणि 'ला' असा फरक न शिकवता करतो. इंग्रजीत तोच फरक 'ऑफ' आणि 'फॉर' करतात. पण आपणच कधी आळसाने 'कांद्याची मागणी' म्हणतो, आणि तिथे पाय घसरतो.

'राइट'चेही असेच आहे. ज्याचा हक्क, त्याच्या आधी 'ऑफ'. ज्या गोष्टीचा हक्क, तिच्या आधी बहुधा 'टू'. 2005 साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, त्याच्या इंग्रजी नावात 'राइट टू इन्फर्मेशन' आहे. 2009 साली मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला, त्याचे नाव तर मी धडा म्हणून फळ्यावर लिहीत असे. 'राइट ऑफ चिल्ड्रन टू फ्री अँड कम्पल्सरी एज्युकेशन'. हक्क मुलांचा, तिथे 'ऑफ'. हक्क शिक्षणाचा, तिथे 'टू'. मराठीत दोन्हीकडे 'चा'च आहे.

आता तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल, बाई, मग वाटेच्या हक्काला 'राइट ऑफ वे' का म्हणतात? बरोबर आहे. अपिलाचा हक्क, प्रवेशाचा हक्क, इथेही 'ऑफ' चालतो. 1930 साली पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, तो प्रवेशाच्या हक्कासाठी. त्याला इंग्रजीत 'राइट ऑफ एन्ट्री' म्हणा किंवा 'राइट टू एन्टर' म्हणा, दोन्ही शुद्ध. दार बंद ठेवणाऱ्यांना दोन्ही सारखेच नकोसे होते. म्हणून नियम पाठ करण्यापेक्षा जोडी पाठ करा, असे मी मुलांना सांगत असे. आपल्या द्वारकेच्या चौकासारखे आहे हे. चौक एकच, पण पुण्याला जाणारा रस्ता वेगळा आणि धुळ्याला जाणारा वेगळा. चौकाचे नाव सांगून कोणी मुक्कामाला पोहोचत नाही.

'इंटरेस्ट' हा शब्द तर याहून लबाड. बँकेतल्या ठेवीवर मिळते ते व्याज, तिथे 'इंटरेस्ट ऑन'. घरात किंवा जमिनीत आपला संबंध असतो, तिथे 'इंटरेस्ट इन'. मिळकतीच्या बाबतीत 'राइट'पुढेही 'इन' येतो. आपण मराठीत 'माझा घरावर हक्क आहे' म्हणतो, म्हणून 'राइट ऑन द हाऊस' लिहितो, ते चूक. इंग्रजीत हक्क घराच्या 'वर' बसत नाही, तो घराच्या 'आत' असतो. वकील मंडळी इतकी सावध, की खरेदीखतात 'इन', 'टू', 'अपॉन' असे सगळेच एका ओळीत लिहून टाकतात. एखादे तरी लागू पडेलच!

मुलींच्या हक्काचा कायदाही याच 'इन'वर उभा आहे. हिंदू वारसा कायदा 1956 चा. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाबरोबर जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती आपल्या महाराष्ट्राने 1994 साली केली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती लग्नाची अट राहिली नाही. आणि त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले. आपल्यातल्या कित्येकींना हे अजून ठाऊक नसते.

आता ती गोष्ट. आपल्यातल्याच एक भगिनी मध्यंतरी माझ्याकडे इंग्रजीतला एक कागद घेऊन आल्या. सांगण्याची परवानगी त्यांनी दिली आहे, नाव सांगण्याची नाही. माहेरचे घर भाड्याने दिलेले. परदेशातल्या भाच्याने फोन केला, "आत्या, भाड्याचे तेवढे सोडल्याचे लिहून दे, हिशेब सोपा होईल." आत्याने आनंदाने हो म्हटले. कागदात लिहिले होते, 'माय शेअर इन द हाऊस अँड इट्स रेंट'. त्यांनी वाचला, आणि घराच्या भाड्यातला माझा वाटा, असा सरळ अर्थ लावला. मी म्हटले, "अहो, भाड्याचा वाटा असता तर 'शेअर ऑफ द रेंट' असते. हा 'इन द हाऊस' आहे. तुम्ही घरातला वाटा सोडता आहात, भाडे नुसते शेपटाला आहे."

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याला तरी कुठे कळले असेल हो?" असेलही. भाच्याच्या मनात काय होते, ते मी 'इन'वरून सांगू शकत नाही. नुसत्या अशा चिठ्ठीने घरातला वाटा सुटतही नाही. त्याला हक्कसोडपत्र लागते आणि त्याची नोंदणी करावी लागते. पण अशी चिठ्ठी पुढच्या कागदाची पायवाट होते. उद्या कोणी म्हणेल, तुम्हीच तर लिहून दिले होते.

सोडू नका, असे मी त्यांना सांगितले नाही. तो त्यांचा प्रश्न. भावासाठी वाटा सोडणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत, आणि समजून-उमजून सोडला असेल तर त्यात मला काही गैर दिसत नाही. मी फक्त पेन्सिल पुढे केली. त्यांनी स्वतःच्या हाताने 'इन द हाऊस अँड इट्स' हे शब्द खोडले आणि वर 'ऑफ द' लिहिले. 'रेंट' होताच. सही केली, आणि कागद पाठवून दिला.

त्याला आता दोन महिने झाले. उत्तर आलेले नाही. राखीपौर्णिमेला भावाचा फोन मात्र नेहमीसारखा आला होता, असे त्या कालच मला सांगत होत्या.