आपल्या कुळाची वही
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



पन्नास वर्षांचा आढावा घेताना संस्थेच्या संस्थापकांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु पणजोबांच्या वडिलांचे नाव विचारले, तर आपल्यापैकी बहुतेकांना थांबावे लागते. मी कापडाचा व्यापारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तथापि पावतीवाचून नोंद करू नये, हा हिशेबाचा नियम मला ठाऊक आहे. वंशावळीलाही तोच लागू करावा, असे माझे नम्र मत आहे.

आपली सर्वांत जुनी पावती मंदिरात आहे. जिनमूर्तीच्या पादपीठावरील लेखात संवत, तिथी, संघ व गण, भट्टारकांचे नाव आणि प्रतिष्ठा करविणाऱ्या श्रावकाची ज्ञाती, गोत्र व परिवार यांचा उल्लेख पुष्कळदा आढळतो. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी असे लेख ‘भट्टारक संप्रदाय’ या ग्रंथात संकलित केले. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने तो 1958 साली प्रसिद्ध केला.

एक उदाहरण देतो. चित्तोडगडावरील जैन कीर्तिस्तंभ बघेरवाल ज्ञातीच्या साह जिजा यांचा. संवत 1541 च्या एका मूर्तिलेखात जिजा, त्यांचे पुत्र पुनसिंह आणि त्याच परंपरेतील साह देऊ यांची नावे येतात. या संवताशी शके 1406 जुळते. संवतातून 57 वजा करा किंवा शकात 78 मिळवा, उत्तर 1484 हेच येते. दोन्ही बाजूंचा मेळ बसतो! मात्र जिजांचे नाव मिळाले म्हणून प्रत्येक बघेरवाल घराण्याने त्यांना थेट आपले पूर्वज मानू नये. मधल्या पिढ्यांचा पुरावा नसेल, तर ती जागा कोरी ठेवावी. कोरी जागा पुढची पिढी भरू शकेल. खोटी नोंद मात्र तिला चुकीच्या वाटेने नेईल.

या लेखात साह देऊंच्या पत्नीचाही उल्लेख आहे. पाच शतकांपूर्वी शिल्पकाराने स्त्रीचे नाव कोरले. आपल्या छापील वंशवृक्षांत मात्र लेकी-सुनांना जागा नसते. हे आपल्याला शोभते काय?

दुसरी पावती कागदावर आहे. दुकानाच्या जुन्या रोजकीर्द-खतावण्या मोडीत, तर निजामी दप्तर बरेचसे उर्दूत. तेथील फसली सनात साधारणतः 590 मिळविले की इसवी सन येते. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झाल्यानंतर मराठवाड्यात 1954-55 चे खासरा पत्रक तयार झाले. वडिलोपार्जित शेती असलेल्यांनी ते अवश्य पाहावे. 2023 साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची किती निकड आहे, हे सर्वांच्या ध्यानी आले. कागद असूनही वाचक नसेल, तर तो कागद मुकाच राहतो.

तेव्हा या महोत्सवानिमित्त चार गोष्टींचा संकल्प करू या. नेमगिरीच्या गुंफांपासून गावातील मंदिरांपर्यंत जेथे जेथे लेख आहेत, त्यांची छायाचित्रे काढावीत. अभिषेकाने व घासण्याने अक्षरे झिजतात. जुन्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी मोडीच्या जाणकारास दाखवाव्यात. घरातील वयोवृद्धांकडून मूळ गाव, गोत्र व सोयरीक आजच लिहून घ्यावी. आणि प्रत्येक नोंदीत मातेचे व कन्येचे नाव असावे, तसेच ती माहिती कोठून मिळाली हेही लिहावे.

व्यापारात वर्षअखेरीस वही मिटविता येते. कुळाची वही मात्र पुढच्या पिढीच्या हाती उघडीच द्यावयाची असते. ती स्वच्छ आणि खरी असावी, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!