फिरता फणस



पत्रिकेत विषय छापलाय ‘ब्रोमेलियाड कुळातील वनस्पती : ओळख, लागवड व अभिवृद्धी’. कूळ हा शब्द वाचून काही जण कागदपत्रं घेऊन आल्यासारखे दिसतात. कूळ-मुंडकार कायद्याशी याचा काही संबंध नाही. (हशा) विषय आहे आपला अननस. या कुळात तीन हजारांवर जाती आहेत आणि पश्चिम आफ्रिकेतली एक सोडली तर सगळ्या अमेरिका खंडातल्या. पोर्तुगिजांनी तिकडून काजू, मिरची कशी आणली हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. पुढे जातो.

ओळख. पेडण्यात मास्तर होतो तेव्हा एका मुलाला अननसाचं रोप आणायला सांगितलं. तो सड्यावरून घायपात घेऊन आला, सायकलीला बांधून, पोटऱ्या ओरबाडून. मी वर्गासमोर त्याला फाडफाड बोललो. दुसऱ्या दिवशी त्याची आजी दारात. वाटलं, आता आपली धडगत नाही. तिने ओट्यावर दोन पानं ठेवली. घायपाताचं जाड, टोकाला काळा सुळा असलेलं. दुसरं अननसाचं. ते उलटं केलं, नखाने खरवडलं आणि म्हणाली, ‘‘मास्तरांनू, अनसाच्या पानाक फाटल्यान पीठ आसता.’’ ते पीठ म्हणजे सूक्ष्म खवले. याच कुळातल्या काही जाती मुळांऐवजी या खवल्यांनीच पाणी पितात. मी वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस, पण पान उलटं करून बघ, एवढं त्या पोराला सांगायचं मला सुचलं नव्हतं. केवड्याच्या पानाला मधल्या शिरेवरही काटे असतात, हेही तिनेच दाखवलं. जाताना तिने एक फुटवा दिला. पैसे काढले तर रागावली. ‘अनस विकत घेऊन लावत नाहीत,’ म्हणे.

इथेच माझं आजचं म्हणणं आहे. चिटणीस घड्याळ दाखवताहेत, दाखवू देत.

अननस आपल्याच जातीचे पराग स्वीकारत नाही. एकाच जातीची बाग असली की फळात बी धरत नाही. म्हणजे तुमच्या कुळागरात, माडाखाली जे झाड आहे ते कुणी पेरलेलं नाही, आधीच्या झाडाचा तुकडा आहे. तो तुकडा कुणीतरी कुणाला तरी दिला, म्हणून आज झाड आहे. १५८३ ते १५८८ गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोतेन लिहितो की हे फळ पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलं. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फझलने याचा भाव दिलाय, एका फळाला चार दाम. आणि नाव काय? कठल-ए-सफरी! फिरता फणस. का, तर रोप कुंडीत घालून प्रवासात नेता येतं आणि तिथेच फळ धरतं. मी रोपवाटिकेवाल्यांच्या पोटावर पाय आणत नाहीये. (मागून आवाज : ‘‘आणा, आणा!’’) पण पैसे मोजून फुटवा आणणं मला पटत नाही.

लावायचा कसा? जमिनीलगतचा फुटवा घ्या, खालची पानं सोलून काढा आणि आठवडाभर सावलीत सुकू द्या. दीड वर्षाच्या आसपास फळ. डोक्यावरच्या शेंड्याला दोन वर्षं लागतात, तरी तो उकिरड्यावर टाकू नका. आपली आंबट जांभी माती त्याला मानवते. पाणी मात्र तुंबता कामा नये, गाभा कुजतो.

चिठ्ठी आलीय : ‘हॉटेलातली रंगीत ब्रोमेलियाड घरी चालतील का?’ चालतील. पण ते झाड एकदाच फुलतं आणि मरतं; बाजूची पिल्लं जपा. म्हणजे पुन्हा अननसच!

आता महत्त्वाचं राहिलं, धूर. पोर्तुगिजांच्या असोरेस बेटांवर काचघरात धूर कोंडून सगळी झाडं एकदम फुलवायची रीत आहे. धुरातल्या इथिलीनमुळे हे होतं. ते कसं, हेही सांगण्यासारखं आहे, पण... बरं, बरं. दशावताराची मंडळी विंगेत आलीत आणि संकासुर रंगून उभा आहे. धूर किती द्यायचा ते बाहेर विचारा. मंडपाच्या डाव्या खांबापाशी पोतं ठेवलंय, त्यात चाळीस फुटवे आहेत. माणशी एकच न्या, आणि काटे सांभाळा.